जिन्यातली पृथ्वी

आमच्या इमारतीच्या जिन्यात पृथ्वी फिरत नाही, हा शोध मला एका रविवारी दुपारी जेवणानंतर लागला. जेवणानंतरचा असला तरी त्या वेळी मी पूर्ण जागा होतो, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरात माझ्या कुठल्याही शोधाची चौकशी त्याच मुद्द्यापासून सुरू होते.

मी विज्ञान प्रसार मंडळाचा चिटणीस आहे. मंडळ ना नफा तत्त्वावर चालतं. हे तत्त्व स्वीकारताना आम्हाला काहीच जड गेलं नाही, कारण नफा कसा करतात हे कार्यकारिणीत कोणालाच माहीत नव्हतं. इमारतीच्या तळमजल्यावर, विजेच्या मीटरांशेजारी एक खोली आहे. दर रविवारी आसपासची मुलं तिथे जमतात, भिंगातून मुंगीचे पाय बघतात, लिंबांत खिळे खोचून इवलासा दिवा लावतात, आणि दिवा लागला की असे ओरडतात की वरच्या मजल्यावरच्यांना वाटावं, चोर सापडला. ती ओरड एकदा कानात साठवली की पुढचा आठवडाभर ऑफिसात साहेबांचं बोलणं ऐकायला मी मोकळा होतो. तेव्हा ती खोली मुलांची जेवढी, तेवढीच माझी. हे मी कार्यवृत्तात कधी लिहिलेलं नाही.

या खोलीवर इमारतीच्या चेअरमनांचा डोळा होता. त्यांच्या मुलाने त्यांना धावायचं यंत्र भेट दिलं होतं. ते दिवाणखान्यात मावलं, पण मग दिवाणखाना मावेना. एकाच जागी धावण्यासाठी चेअरमनांना जागा हवी होती, आणि ती त्यांना तळमजल्यावर दिसली. "व्यायामशाळा," ते म्हणाले, "सगळ्यांसाठी." सगळ्यांच्या पोटांकडे एकेक नजर टाकून ते हे म्हणाले, त्यामुळे कोणाला विरोध करता येईना.

शेवटी तडजोड निघाली. विज्ञानशिक्षणासाठी झटणारा एक जुना, नावाजलेला न्यास आहे. तो छोट्या मंडळांना केंद्र म्हणून मान्यता देतो. ती मिळाली तर खोली आमची, नाही मिळाली तर यंत्राची. न्यासाचं पत्र आलं: आमच्या प्रतिनिधी येतील, त्यांना आपल्याकडे किमान एक कायमस्वरूपी प्रयोग चालू स्थितीत दिसावा. 'चालू स्थितीत' हे शब्द वाचून चेअरमन इतके निर्धास्त झाले की त्यांनी त्याच दिवशी धावायचे बूट आणले.

मला मात्र चेव चढला. पत्र वाचायला मंडळाची बैठक भरली होती, तिथेच मी जाहीर केलं, "आपण जिन्यात लोलक टांगू!"

कल्पना साधी होती. आमचा जिना मधल्या मोकळ्या चौकाभोवती फिरत वर जातो. वरच्या छतापासून तळापर्यंत लांब तार सोडायची, तिला जड गोळा बांधायचा आणि झुलवायचा. गोळा आपली दिशा सोडत नाही. खालची पृथ्वी मात्र फिरत राहते, तिच्याबरोबर फरशीही फिरते. म्हणून काही वेळाने गोळा फरशीवरच्या रेघेपासून सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वी फिरते याचा पुरावा घराच्या उंबऱ्याबाहेर! मला स्वतःलाच इतकं भरून आलं की मी दोनदा पाणी प्यालो.

सल्ले मात्र तिथूनच सुरू झाले. एकाने सुचवलं, "तारेला काय लावताय, पंख्याला बांधा. आपोआप फिरेल, पृथ्वीची वाट बघायला नको." दुसऱ्याने विचारलं, एवढी तार वरून खाली येणारच आहे तर तिच्यावर कपडे वाळत घालता येतील का. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मावशी तर थेट आमच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या डोक्यावर पाण्याची टाकी आहे आणि गेली अनेक वर्षं त्या टाकीच्या धाकातच राहतात.

"टाकीखाली भोक पाडणार म्हणे तुम्ही?"

"भोक नाही मावशी, एक हुक."

"हुक काय हवेत राहतो? भोकातच जातो ना? टाकी आली खाली, तर तुमचं विज्ञान तिला धरणार आहे का?"

"टाकी गच्चीवर आहे, मावशी. हुक जिन्याच्या छताला."

"गच्ची कशावर आहे मग?"

मी वर पाहिलं. गच्ची खरोखर जिन्यावरच आहे.

गोळ्यासाठी मी शाळेतल्या पीटीच्या सरांकडे गेलो. गोळाफेकीचा एक जुना गोळा त्यांच्याकडे पडून होता. "देतो," ते म्हणाले, "पण परत करताना त्याचा हुक काढून द्या. हुक असलेला गोळा मुलं फेकत नाहीत, गरगर फिरवतात. मागच्या खेपेला ऑफिसची काच गेली." मागच्या खेपेला हुक कोणी लावला होता, हे मी विचारलं नाही. आपल्याआधीही कोणी पृथ्वी फिरवू पाहिली होती, हे कळून उगाच वाईट वाटलं असतं.

मग परवानगी. चेअरमन म्हणाले, इमारतीत काही टांगायचं तर पालिकेची परवानगी हवी. मी पालिकेत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"ही वस्तू हलते का?"

"हलण्यासाठीच आहे."

"मग बांधकाम विभाग नाही. हलणारं सगळं लिफ्टकडे."

लिफ्ट विभागातल्या बाईंनी विचारलं, "वर किती मजले जाते?"

"वर जात नाही."

"खाली येते?"

"येत नाही. इकडून तिकडे जाते."

"इकडून तिकडे?" त्यांनी चष्मा काढला. "इकडून तिकडे जाणाऱ्यांसाठी आमच्याकडे नियम नाही. वाहतूक विभाग बघा."

वाहतूक विभागाने माझ्याकडे गोळ्याचा वाहन क्रमांक मागितला. तिथून मी परत बांधकाम विभागात आलो, तेव्हा त्या कारकुनाला माझी दया आली. त्याने बराच वेळ पेन चावलं आणि विचारलं, "झुंबर म्हणू या का?" आणि अशा रीतीने विज्ञान प्रसार मंडळाला 'दिव्याविना झुंबर' टांगण्याची परवानगी मिळाली. खाली एकच अट होती: सदर झुंबर हलणार नाही याची अर्जदाराने दक्षता घ्यावी. मी कागदाची घडी घातली आणि न्यूटनादी मंडळींची मनातल्या मनात माफी मागून ती खिशात टाकली.

झुंबर टांगलं. छताला हुक ठोकताना मावशी खाली बादली घेऊन उभ्या होत्या, पण टाकी जागची हलली नाही. फरशीवरचं वर्तुळ आणि त्यातली रेघ काढायचं काम आमच्या मजल्यावरच्या ड्राफ्ट्समनकाकांनी मागून घेतलं. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढण्यात घालवला. निवृत्त झाल्यापासून बिचाऱ्यांना रेघ काढायला कोणी बोलावत नव्हतं. ते पोटावर झोपले, एक डोळा मिटला, आणि श्वास रोखून त्यांनी रंगाची अशी रेघ ओढली की तिच्यावर पाय द्यायला लोक बिचकू लागले. जिन्यावरून येणारे-जाणारे कडेकडेने जाऊ लागले, तसं काकांचं वजन वाढल्यासारखं दिसायला लागलं.

उद्घाटनाला मी भाषण केलं. भाषण चांगलं झालं, असं मला अजूनही वाटतं. "लोलक आपली दिशा सोडत नाही!" मी मुठी आवळून म्हणालो. "तुम्ही झोपा, जेवा, ऑफिसला जा. हा गोळा ज्या दिशेत झुलायला लागला, त्याच दिशेत झुलत राहणार! एक केसभरही वाकडा होणार नाही!" टाळ्या कडाडल्या. यापुढे भाषणाचा दुसरा भाग होता. त्यात पृथ्वी यायची होती, म्हणजे फरशी सरकते आणि गोळा रेघेपासून दूर गेलेला दिसतो वगैरे. पण तेवढ्यात गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. अर्धे श्रोते पंप बंद करायला बाहेर धावले आणि अर्धे मावशींना सावरायला वर. उरलेलं भाषण मी बायकोला ऐकवलं. ती त्या वेळी सुईत दोरा ओवत होती.

दोरा प्रयोगासाठीच होता. लोलक हाताने ढकलायचा नसतो. हाताने ढकलला की हाताचा तिरकेपणा त्यात येतो. म्हणून गोळा दोऱ्याने कठड्याला ओढून बांधायचा आणि दोरा काडीने जाळायचा. दोरा तुटतो आणि गोळा स्वतःच्या मर्जीने निघतो. हे दृश्य इतकं सुंदर असतं, की पहिल्यांदा दोरा तुटला तेव्हा चेअरमनसुद्धा "वा!" म्हणाले आणि लगेच खोकले.

त्या रविवारी मी गोळा सोडला, वर जाऊन जेवलो, आडवा झालो, पण जागा होतो, आणि खाली आलो. गोळा रेघेवर. काटेकोर रेघेवर. मी डोळे चोळले. पुढच्या सुट्टीला पुन्हा सोडला, बाजारात जाऊन आलो, गोळा रेघेवरच. तिसऱ्या वेळी तर मी मुद्दाम लांबच्या मित्राकडे जाऊन त्याच्या मुलीची पूर्ण नृत्यसाधना बघून आलो, तरी गोळा रेघेवर. आणि नुसता रेघेवर नाही, तर सकाळी सोडला तेवढ्याच जोरात! खरं तर हवेच्या घर्षणाने तो दमायला हवा होता. म्हणजे आमच्या जिन्यात पृथ्वी फिरत नव्हती आणि घर्षणही नव्हतं. एका जिन्यात दोन शोध!

खरा वैज्ञानिक अशा वेळी घाबरत नाही. मी घाबरलो, पण लिहायला बसलो. 'विशिष्ट इमारतींमधील भूभ्रमणाचा अभाव: एक प्राथमिक निरीक्षण' असा निबंधाचा मथळाही ठरला. असं काही आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. पण पुढच्या रविवारी न्यासाच्या बाई येणार होत्या, आणि फिरणाऱ्या पृथ्वीचा प्रयोग त्यांना न फिरणाऱ्या पृथ्वीवर कसा दाखवायचा?

"पृथ्वी सगळीकडे फिरते," बायको म्हणाली, "आणि आपल्याच दारात येऊन थांबली होय?"

"निरीक्षण म्हणजे निरीक्षण," मी म्हणालो. "मी तीन वेळा पाहिलं."

ती काही बोलली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. मला तेव्हाच समजायला हवं होतं. ती बोलत नाही, असं आमच्याकडे होत नाही.

शनिवारी मी रजा काढली. सकाळी गोळा सोडला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने "येतो गं!" म्हणालो, फाटक वाजवलं, आणि मागच्या बाजूने येऊन मंडळाच्या खोलीत दडलो. दार बोटभर उघडं. आता काय ते निसर्गाने स्वतः दाखवावं, अशी माझी वृत्ती होती.

आणि गोळा सरकू लागला! हळूहळू, लाजत लाजत, पण सरकला! टोकाशी तो रेघ सोडून चक्क पलीकडे जायला लागला. मी तोंडावर हात दाबून धरला, नाहीतर ओरडलोच असतो. पृथ्वी फिरत होती! आमच्या जिन्यातसुद्धा!

तेवढ्यात वरून चपलांचा आवाज आला. ड्राफ्ट्समनकाका खाली आले. त्यांनी गोळ्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, "च्, च्" केलं. इकडेतिकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी गोळा थांबवला, खिशातून गुण्या काढून रेघेशी काटकोन तपासला, गोळा मागे ओढला आणि अलगद सोडला. रेघेवर. समाधानाने मान डोलावली आणि वर गेले.

मी हबकलो. सावरतो न सावरतो तोच मावशी भाजीची पिशवी घेऊन आल्या. गोळा तोवर पुन्हा किंचित सरकला होता. मावशींनी पिशवी खाली ठेवली, गोळ्याला "सरळ चाल रे बाबा" म्हणून समजावलं आणि पुन्हा झोका दिला. जोरात. घर्षणाचा प्रश्नही सुटला. त्यानंतर दुसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट आले, त्यांच्या पाठोपाठ त्यांची सून. आणि मग, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, माझी बायको.

मी दार लोटून बाहेर आलो. "तू पण?"

ती दचकली, पण गोळा सोडला नाही. "मी दोनदाच केलं."

"का पण?"

"तुम्हीच नाही का म्हणालात, केसभरही वाकडा होणार नाही? आणि हा तर होतोय वाकडा. म्हटलं, चेअरमनांनी बघितलं तर उगाच हसतील."

आवाज ऐकून काका खाली आले, मावशी आल्या, एजंट आले. सगळे अपराध्यासारखे उभे. काका म्हणाले, "हे बघा, वाईट वाटून घेऊ नका. मागे तुमच्या त्या पर्जन्यमापकात कावळे पाणी प्यायचे. म्हटलं, निदान हे तरी सरळ राहू दे."

"आम्ही कोणी कोणाला सांगितलं नव्हतं हो," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं मीच एकटी करतेय."

म्हणजे संपूर्ण इमारत, एकमेकांना न सांगता, माझी लाज राखत होती, आणि त्या भरात सगळ्यांनी मिळून पृथ्वी धरून ठेवली होती! माझ्या कर्तबगारीविषयी मजल्यामजल्यावर काय मत होतं तेही कळलं. पण अपमान वाटून घ्यायला वेळ नव्हता. मी तिथेच, पायरीवर उभा राहून, भाषणाचा दुसरा भाग दिला. पृथ्वीसकट. टाकी भरलेली नव्हती.

काका सगळ्यात आधी पांढरे पडले. "म्हणजे माझी रेघ फिरते?"

"रेघ, फरशी, आपण सगळे."

"इमारत?" मावशींनी कठडा धरला. "टाकीसकट?"

"टाकीसकट, मावशी."

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा टाकीविषयी त्यांचा आवाज कौतुकाचा वाटला.

रविवारी न्यासाच्या बाई आल्या. भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं मोजकं. "किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ते पृथ्वीवर आहे. त्यांनी एक पायरी रुमालाने पुसली आणि बसल्या.

रेघेच्या टोकाबाहेर, गोळा जिकडे सरकणार तिकडे, मी बुद्धिबळातली प्यादी ओळीने उभी केली. वारा नको म्हणून सगळी दारं बंद. जिन्यावर ये-जा बंद. जो जिथे होता तिथेच बसला. कोणी घरात थांबायला तयार नव्हतं, त्यामुळे अख्खी इमारत पायऱ्यांवर होती. चेअरमन नुकतेच बाहेरून आले होते, ते दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन पहिल्या वळणावर अडकले. काकांनी स्वतःच मावशींना सांगितलं, "माझे हात धरून ठेवा. मला सवय लागलीय." मावशींनी ते घट्ट धरले.

काडी लावली. दोरा जळला. गोळा निघाला.

तो जाई आणि येई, जाई आणि येई. गोळा रेघेपासून जरासा सुटला तसा काकांच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला. वरच्या मजल्यांवरून डोकी वाकून बघत होती. पहिल्या प्याद्याला गोळ्याच्या तळाशी बसवलेलं टोक निसटतं घासून गेलं. प्यादं डुललं. उभं राहिलं.

"पड ना मेल्या," वरून कोणीतरी कुजबुजलं.

पुढच्या झोक्याला ते पडलं.

जो गलका झाला, तो मुलांच्या लिंबाच्या दिव्यालाही कधी झाला नव्हता. चेअरमन पिशव्यांसकट उडी मारून "पाडलं! पाडलं!" असं ओरडत होते. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या, त्यांचे डोळे चमकत होते, आणि ते लपवायला त्या पिशवीत काहीतरी शोधत होत्या. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू पृथ्वी मीच फिरवली.

"शांत! वारा होतोय!" बाई म्हणाल्या आणि जिना एका क्षणात गप्प झाला. मग हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "प्रयोग उत्तम. मान्यतेला माझी हरकत नाही. फक्त खोली मंडळाकडे कायम राहील, असा इमारतीच्या सभेचा ठराव मला अहवालासोबत जोडावा लागेल. अहवाल उद्या जातो."

सभेचा ठराव! सभेला गणपूर्ती लागते, आणि इमारत बांधल्यापासून आमच्या एकाही सभेला गणपूर्ती झालेली नाही. दरवेळी चेअरमन, मी आणि एखादं मांजर. पृथ्वी फिरली, आणि खोली चालली होती कोरमअभावी.

चेअरमनांनी हे ऐकलं होतं. त्यांनी पिशव्या हळूच खाली ठेवल्या. वर पाहिलं. पायरी पायरीवर, मजल्या मजल्यावर, झाडून सगळे सभासद बसलेले होते, आणि दुसरं प्यादं पडेपर्यंत त्यातला एकही जण हलणार नव्हता. चेअरमनांच्या चेहऱ्यावर धावायचे नवे बूट आणि समोरचा गोळा यांची बरीच ओढाताण चालली. गोळा दोनदा गेला, दोनदा आला.

"गणपूर्ती झालेली असल्यामुळे," ते कुजबुजले, "सभा सुरू झाली असं मी जाहीर करतो. विषय एकच. खोली मंडळाकडे राहावी. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत." मग घाईने म्हणाले, "सावकाश! वारा नको!"

आणि हात वर जाऊ लागले. इतके सावकाश, की बघणाऱ्याला वाटावं, पाण्याखाली मतदान चाललंय. तळमजल्यापासून सुरू होऊन कठड्या-कठड्यामागून ते वर वर चढत गेले. मावशींनी स्वतःचा एक आणि त्यात धरलेला काकांचा एक, असे दोन्ही एकदमच उचलले. सर्वांत शेवटी, श्वास रोखून, चेअरमनांचा हात वर गेला. तेवढ्यात दुसरं प्यादं पडलं, पण या वेळी कोणी ओरडलं नाही, सगळ्यांनी नुसते डोळे मोठे केले.

चेअरमन ओठांनीच मोजत होते. मोजता मोजता त्यांची नजर माझ्या शेजारी येऊन थांबली. बाईंचाही हात वर होता. त्यांना मताचा अधिकार नव्हता. पण हे सांगायला तोंड उघडलं असतं तर गोळ्याला वारा लागला असता, म्हणून चेअरमनांनी तोही मोजला.